नर्डलिंगेन : दगडाने दिलेली साक्ष

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, श्वाबियन आणि फ्रँकोनियन या दोन डोंगररांगांच्या सांध्यावर, एक विस्तीर्ण वाटोळे मैदान पसरले आहे. त्याचा व्यास सुमारे 24 किलोमीटर असून भोवती टेकड्यांचे कडे आहे. या मैदानाला ‘रीस’ म्हणतात. येथील माती सुपीक. एगर नदी त्यातून वाहत जाऊन व्योर्नित्स नदीला मिळते आणि तिचे पाणी पुढे डॅन्यूबमध्ये जाते. या वाटोळ्या मैदानातच नर्डलिंगेन हे तितकेच वाटोळे नगर वसले आहे.

नगराचा पहिला लेखी उल्लेख 898 सालचा आहे. 1215 मध्ये त्याला साम्राज्याच्या स्वतंत्र नगराचा दर्जा लाभला आणि तेथील जत्रेला दूरदूरचे व्यापारी येऊ लागले. वस्ती तटाबाहेर वाढली, तेव्हा 1327 मध्ये सम्राट लुडविग याच्या आज्ञेने नवा कोट बांधण्यास आरंभ झाला. पाच वेशी असलेला हा कोट सुमारे 2.7 किलोमीटर लांबीचा असून त्यावरून आजही नगरप्रदक्षिणा करता येते. मध्यभागी संत जॉर्जचे मंदिर आहे. 1427 मध्ये त्याचे बांधकाम सुरू झाले. त्याचा ‘डॅनियल’ नावाचा मनोरा सुमारे 90 मीटर उंच असून रात्री तेथून पहारेकऱ्याची हाक अजूनही घुमते.

या वैभवाला काळी बाजूही होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणींच्या नावाखाली अनेक स्त्रियांना येथे देहदंड झाला. मारिया होल या खाणावळवालीचा 62 वेळा छळ करण्यात आला. तरीही तिने खोटा कबुलीजबाब दिला नाही, आणि 1594 मध्ये तिला सोडून देणे नगरसभेला भाग पडले. पुढे तीस वर्षांच्या युद्धात, सप्टेंबर 1634 मध्ये, नगराच्या वेशीपाशी सम्राटाच्या व स्पेनच्या सैन्यांनी स्वीडिश फौजेचा दारुण पराभव केला. सेनापती हॉर्न कैद झाला. पुढल्याच वर्षी फ्रान्स उघडपणे युद्धात उतरला. नगर मात्र खंगले. व्यापार ओसरला, नवी बांधकामे थांबली. जुना कोट अभंग राहिला त्याचे एक कारण ही गरिबीच होय. 1803 मध्ये नगराचे स्वातंत्र्यही संपून ते बव्हेरियात सामील झाले.

परंतु या भूमीचा सर्वांत जुना इतिहास कोणत्याही दप्तरात नव्हता. तो मंदिराच्या भिंतींत होता. हे मंदिर ‘स्युव्हाइट’ नावाच्या करड्या दगडाचे आहे. त्यातील काचेसारखे तुकडे पाहून रीस हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे विद्वान दीर्घकाळ मानीत. उल्कापाताची कल्पना काहींनी मांडली होती. पण पुरावा नव्हता. 1960 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर तेथे आले. जवळच्या ओटिंग येथील खाणीतील याच दगडात त्यांना व त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांना ‘कोएसाइट’ सापडले. वाळूतील गारगोटीचे हे रूप प्रचंड दाबाखेरीज बनत नाही. आणि भूपृष्ठाजवळ असा दाब ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरहून मोठा अशनी येथे आदळला होता, हे अशा रीतीने ठरले. नगरवासी पिढ्यान्‌पिढ्या ज्या भिंतींच्या आश्रयाने प्रार्थना करीत होते, त्यांच्यात सूक्ष्म हिरेही दडलेले आहेत.

ऑगस्ट 1970 मध्ये अपोलो-14 चे अंतराळवीर येथे शिकण्यासाठी आले. चंद्रावर आघाताने घडलेले दगड कसे ओळखावेत, याचा धडा त्यांना या खाणींत मिळाला. पुढील फेब्रुवारीत त्यांनी चंद्रावर पाऊल ठेवले.

महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार सरोवराची कथाही याच वळणाची आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवरही एके काळी ज्वालामुखीचेच मानले जाई. तेथेही अखेरचा निवाडा खडकांनीच दिला. दप्तरे जळतात, राज्ये बुडतात, विद्वानांची मतेही पालटतात. दगड मात्र विचारणारा भेटेपर्यंत आपली साक्ष जपून ठेवतो.