हरवलेला मुलगा

घराला, शाळेला आणि सगळ्या जगालाच नांवें ठेवणाऱ्या पोरसवदा मुलाकडे आम्ही वडील मंडळी बहुधा कपाळाला आठ्या घालूनच पाहतों. अमेरिकन कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या १९५१ सालच्या कादंबरीवर अनेक पालकांनीं व शाळांनीं ठपका ठेवला, तो याच दृष्टीनें. तथापि या पुस्तकाच्या जन्माचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांतील उद्धटपणाचा अर्थ निराळाच लागतो.

होल्डन कॉलफील्ड हा शाळेंतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा मुलगा. हकालपट्टीचें पत्र घरीं पोंचेपर्यंत तिकडे फिरकावयाचें नाहीं, असें ठरवून तो न्यूयॉर्क शहरांत एकटाच भटकतो. त्याच्यावरील एक कथा ‘न्यूयॉर्कर’नें १९४१ सालींच स्वीकारली होती. पण त्याच डिसेंबरांत पर्ल हार्बरवर जपानी बाँब पडले; अशा वेळीं एका सुखवस्तु घरच्या पोराची कुरकुर कोण ऐकणार? कथा पडून राहिली. छापली गेली ती १९४६ मध्यें.

मधल्या काळांत लेखक स्वतः सैनिक झाला होता. ६ जून १९४४ रोजीं तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला; १९४५ मध्यें मनावरील ताणामुळें त्याला न्यूरेंबर्ग येथें इस्पितळांत राहावें लागलें. आणि १९४४-४५ मधील त्याच्या कथांत होल्डन हा युद्धांत बेपत्ता झालेला तरुण सैनिक आहे!

म्हणजे जो मुलगा लेखकानें एकदां युद्धाच्या स्वाधीन केला, त्यालाच त्यानें कादंबरींत पुन्हां सोळा वर्षांचा करून परत आणलें. मृत्यु मात्र त्याच्या पाठोपाठ आलाच. धाकटा भाऊ ॲली रक्ताच्या कर्करोगानें गेला, त्या रात्रीं होल्डननें मुठीनें गॅरेजच्या खिडक्यांच्या कांचा फोडल्या. पुढें ज्याला त्याला तो ढोंगी म्हणतो, त्याच्या मुळाशीं हा न सरलेला शोक आहे. कड्यावरून पडणाऱ्या मुलांना झेलावें, एवढीच त्याची इच्छा; कारण एकाला झेलतां आलें नाहीं.

आपल्याकडे १९६३ सालीं भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली, तेव्हां पांडुरंग सांगवीकराच्या तऱ्हेवाईकपणाचीच चर्चा फार झाली. पण त्याची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचीं पानें ज्यानें वाचलीं, त्याला त्या तऱ्हेवाईकपणाला हंसवत नाहीं.

आमच्या वर्गांतही मागच्या बाकावर असा एखादा मुलगा बसलेला असतो. त्याच्या उद्धटपणाची नोंद आम्ही तत्परतेनें करतों. तो कोणासाठीं झुरत आहे, हें विचारावयाचें मात्र राहून जातें.