मुलाकडे दुबईला राहायला जाताय? कंधारचे घर विकण्याआधी हे वाचा

कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यातली आपली मुले दुबई-शारजात कामाला आहेत. अब्बा झेडपीच्या शाळेतून किंवा एसटीतून रिटायर झाले की फोनवर एकच विषय निघतो : "आता इकडेच या, तिथं दोघंच काय करता?" जायला हरकत काहीच नाही. मात्र दुबईत 'कायमचे' असे काही नसते, हे आधी समजून घ्यावे.

आई-वडिलांचा तिथला व्हिसा मुलाच्या नोकरीवर उभा असतो. मुलगा स्पॉन्सर होतो आणि व्हिसा एका वर्षाचा मिळतो. मग दरवर्षी तो नव्याने करायचा. मुलाचा पगार ठरावीक रकमेच्या वर लागतो. हा आकडा बदलत असतो, तो मुलाने तिथल्या आमेर सेंटरवर विचारावा. शिवाय अनामत, दोघांचा आरोग्य विमा आणि 'गावाकडे सांभाळणारे दुसरे कोणी नाही' असे प्रतिज्ञापत्र लागते. सहसा दोघांना मिळूनच स्पॉन्सर करावे लागते. एक जण हयात नसेल तर मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. मुलाची नोकरी गेली की त्याच्या व्हिसाबरोबर अम्मी-अब्बांचाही व्हिसा संपतो. निघायला थोडी मुदत असते, ती उलटली की माणशी दिवसाला ५० दिरहम दंड.

म्हणूनच आमचे मत स्पष्ट आहे : घर विकू नका. भाड्याने द्या, पण एक खोली स्वतःसाठी ठेवा. शेतीचेही तसेच. परदेशात स्थायिक झालेला माणूस स्वतःची जमीन ठेवू शकतो, वारशाने घेऊ शकतो, पण नवी शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. म्हणजे आज विकलेले रान उद्या परत घेता येईलच असे नाही. सातबारा, पीक पाहणी, भाडेकरू यांच्यासाठी भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्याआधीच दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्या. तिकडे गेल्यावर तेच काम भारतीय वकिलातीतून करावे लागते.

पेन्शनरांसाठी वेगळा 'रिटायरमेंट व्हिसा'ही आहे. वय ५५ च्या वर, मुदत ५ वर्षे. पण त्यासाठी १० लाख दिरहमची मालमत्ता किंवा बचत, नाहीतर महिना १५ ते २० हजार दिरहमचे उत्पन्न लागते. १० लाख दिरहम म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. मास्तरांच्या पेन्शनमध्ये हे बसत नाही, तेव्हा एजंटाच्या गोड बोलण्याला भुलू नका.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात 'शेख अमुक शेख तमुक' असे लिहायची पद्धत. त्यामुळे आधारवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरे, मुलाच्या दाखल्यावर तिसरे. नाते सिद्ध करताना नेमके हेच अडते. शिवाय अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसासाठी पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना प्रवेश नाकारला. नंतर दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, अशी सवलत आली. पासपोर्ट काढतानाच नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत भरा. आईच्या पासपोर्टचे तर दोनदा तपासा, कारण निकाहनाम्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, हे घरोघरी आहे.

पेन्शन तिकडे राहूनही चालू राहते, फक्त नोव्हेंबरात हयातीचा दाखला चुकू नये. 'जीवन प्रमाण' मोबाइलवर चेहरा दाखवून होते, वकिलातीतूनही दाखला मिळतो. तुमच्याकडे कोणता चालेल ते निघण्याआधी ट्रेझरीत, झेडपीत किंवा पेन्शनच्या बँकेत विचारून घ्या. कायम राहायला गेलात तर बँकेतले साधे खाते एनआरओ करावे लागते. मग टीडीएस टाळायला १५-एच फॉर्म भरता येत नाही.

औषधपाण्याचे काय? ७० वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मानचे ५ लाखांचे संरक्षण भारताबाहेर चालत नाही. तिकडच्या विम्यात जुन्या शुगर-बीपीवर काय मिळेल, ते पॉलिसी घेतानाच वाचून घ्या. ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांना तिथे आधी ऑनलाइन परवानगी लागते. नाहीतर विमानतळावरच अडकाल. आणि हो, खसखस अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे. घरच्या मसाल्यात ती घातली असेल तर डबा इथेच ठेवा.

मुलगा दुबईऐवजी जेद्दा-रियाधला असेल तर गणित निराळे. तिथे सोबत राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिना ४०० रियालची फी आहे, म्हणून बहुतेक जण फॅमिली व्हिजिटवरच आई-वडिलांना बोलावतात. या व्हिसावर उमरा होतो, हज होत नाही. परवान्याशिवाय हज करताना सापडल्यास जबर दंड आहे. हजसाठी हज कमिटीचा किंवा मान्यताप्राप्त टूरचाच रस्ता धरा.

एक अवघड गोष्टही घरात बसून बोलून घ्या : वेळ आली तर दफन कुठे? दुबईत मुस्लिम कब्रस्तान आहे, तिथे दफन लवकर होते. मय्यत इकडे आणायची तर मृत्यूचा दाखला, वकिलातीची एनओसी, रसायन भरणे, हैदराबादपर्यंत विमान आणि पुढे कंधारपर्यंत गाडी. अनेकांना हा उशीर आणि मय्यतीला लावलेला हात नको वाटतो. काहींना हाजी सय्याह दर्ग्याच्या गावातच माती हवी असते. जे ठरेल ते मुलांना सांगून, लिहून ठेवा.

पहिल्या खेपेला व्हिजिट व्हिसावर दोन महिने राहून पाहा. डिसेंबर-जानेवारी बरा. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि म्हातारी माणसे दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडून पडतात.