मिश्री: दात घासायच्या नावाखाली घरात आलेली तंबाखू

आजचा एपिसोड एकट्याने हेडफोन लावून ऐकू नका. स्पीकरवर लावा, आई-आजीला पण ऐकू द्या.

आमच्या नाशिककडे एखाद्या मावशींना विचारा, "तंबाखू खाता का?" त्या म्हणतील, "छे गं बाई, मी फक्त मिश्री लावते." आज आपण या 'लावते' शब्दाचाच इतिहास बघणार आहोत, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मिश्री म्हणजे काय? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, बोटाने दातांना घासायची. कुणी मशेरी म्हणतं. वस्तू एकच.

तंबाखू आपल्याकडची नाहीच. अमेरिका खंडातलं हे पीक पोर्तुगीजांनी भारतात आणलं. त्याआधी दात घासायला बाभळीची, कडुनिंबाची काडी होती, राख होती, मीठ होतं. शिवाय दातवण होतं. जुन्या काळी लग्न झालेल्या बायका ते लावून दात काळे करायच्या, तो सौभाग्याचा साज मानला जायचा. म्हणजे बाईने दातांना काळी पूड लावणं यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मला वाटतं, भाजलेली तंबाखू त्याच वाटेने आत शिरली. पुरुषाची चिलीम व्यसन ठरली, बाईची मिश्री मात्र स्वच्छता!

बरं, तंबाखू मिळायला लांब जावं लागत नव्हतं. तिकडे निपाणीला तंबाखूची शेती, इकडे आपलं सिन्नर बिडीसाठी प्रसिद्ध. दात ठणकला की मिश्री लावली, जरा बरं वाटलं. पण कीड तशीच राहिली आणि निकोटीनची सवय वर लागली. मग सकाळी एकदा लावणारी बाई दुपारी लावते, रात्री लावते. "त्याशिवाय पोट साफ होत नाही," असंही सांगते. दात घासायला दिवसातून चार वेळा कोण उठतं? ही तलफ आहे.

डॉक्टरांना हे कधी कळलं? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यापाड्यांत गेले. महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं त्यांनी तपासली आणि १९७२ मध्ये अभ्यास छापला. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं त्यात आपल्याच माणसांच्या तोंडात दिसलं.

पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. छानच झालं. पण कायदा कारखान्याला लागू होतो, घरच्या तव्याला कसा होणार? २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी साधी तंबाखू दुकानात मिळतच राहिली. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर सहा बायकांपैकी साधारण एक धूर नसलेली तंबाखू वापरत होती.

आता तुम्ही काय करायचं? एक, घरी "तंबाखू खातेस का?" असं विचारू नका. "मिश्री लावतेस का, दिवसातून कितीदा?" असं विचारा, म्हणजे खरं उत्तर मिळेल. दोन, मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, असं काही दिसलं तर डेंटिस्टकडे न्या. नाशिकला सिव्हिल हॉस्पिटल आहे, पंचवटीत डेंटल कॉलेज आहे. तीन, ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट हातात द्या, सकाळी आणि झोपताना. पण नुसत्या पेस्टने तलफ जात नाही. त्यासाठी १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

आणि हो, रागावू नका. आजीला मिश्री तिच्या आईने दिली होती, दात मजबूत राहावेत म्हणून. तिची काळजी खरी होती, फक्त पूड चुकीची होती. ती काळजी आता तुमच्याकडे आली आहे.

भेटू पुढच्या भागात!