पात्याचा वस्तरा

गेल्या पावसाळ्यात पोटमाळा गळू लागला म्हणून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली. गिरणीचे जुने कागद, एक फुटका चष्मा आणि धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला वस्तरा, एवढाच ऐवज निघाला. वस्तरा मिटलेल्या स्थितीत गंजून एकजीव झालेला. मुरूड-श्रीवर्धनच्या आमच्या किनाऱ्यावर लोखंड फार दिवस लोखंड राहत नाही. खारा वारा ते खाऊन टाकतो.

हा वस्तरा जुन्या घडणीचा नव्हे. जुना वस्तरा म्हणजे एकसंध पोलादी पाते. ते दगडावर घासायचे, चामड्याच्या पट्ट्यावर पाजवायचे, आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. आजोबांच्या वस्तऱ्याला स्वतःची धारच नाही. पात्याच्या जागी एक अरुंद खाच आहे. बाजारातले दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे, अर्धे त्या खाचेत सरकवायचे, बोथट झाले की फेकून द्यायचे. आजोबा परळच्या गिरणीत होते. तिथून त्यांनी हा आणला आणि गावी आले की साऱ्या महारवाड्याच्या दाढ्या याच वस्तऱ्याने केल्या. आम्ही जातीने न्हावी नव्हतो. गावात न्हावी होता. त्याचा वस्तरा वेशीच्या आत फिरत होता.

वस्तरा उघडण्यातच माझे तीन दिवस गेले. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून होडीवाल्या शेजाऱ्याकडून वाटीभर डिझेल आणून त्यात तो बुडवून ठेवला. जोर केला असता तर पितळेची खीळ तुटली असती. गंज सैल झाल्यावर जुन्या टूथब्रशने खाच साफ केली, बारीक पॉलिश पेपर फिरवला, खिळीला चिंच लावली. मूठ शिंगाची. ती वाळून तडकली होती, तिला खोबरेल पाजले. अलिबागच्या एका कारागिराने निकेल चढवून घ्या, नव्यासारखा दिसेल असे सुचवले. मी नको म्हटले. गंजाने पाडलेले खड्डे मी मुद्दाम ठेवले आहेत.

शिंगाला तेल चोळताना मनात एक हिशेब सुरू झाला. मेलेले ढोर ओढायचे आम्ही, कातडे कमवायचे ढोर-चांभारांनी. न्हाव्याची धोकटी चामड्याची, पाजवायचा पट्टा चामड्याचा. त्या पट्ट्यावरून उतरलेला वस्तरा खोताच्या गालावर फिरला तरी खोत बाटत नसे. तोच वस्तरा आमच्या गालाला लागला तर मात्र सारे गाव बाटत होते!

हा अनुभव काही एका गावाचा नाही. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिले आहे की भावंडांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे आणि सरावाने ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, घरात पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हता. बाप लष्करातला सुभेदार, आणि मुलाचे केस कापायला घरचीच मुलगी!

महाडला १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावे लागले. डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागू नका, स्वच्छ राहा, हा संदेश घेऊन माणसे कुलाबा जिल्ह्याच्या (१९८१ साली त्याचे नाव रायगड झाले) खेड्याखेड्यांत परतली. पण स्वच्छ राहा म्हटल्यावर दाढी करायची कुणी? इतिहासाच्या पुस्तकांत तळे येते, आणि ते यायलाच हवे. हा दुसरा प्रश्न मात्र घराघरांतल्या बहिणींनी, मामांनी, गिरणीतून सुट्टीवर आलेल्या माणसांनी मुकाट्याने सोडवला. त्याची नोंद कुठल्या ठरावात नाही.

न्हाव्याला खलनायक करून मी मोकळा होणार नाही. तोही बलुतेदार. वर्षाचे धान्य त्याला गावाकडून मिळे. आमच्या वाड्यात पाऊल टाकले तर ते बंद पडणार हे त्याला पक्के ठाऊक होते. पण याच समाजाने एकदा वस्तरा खाली ठेवून दाखवला होता, हेही विसरता येत नाही. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे त्यांनी ठरवले. धर्माची आज्ञा मोडण्याची ताकद त्या हातांत होती. ती आमच्या वेशीपर्यंत का आली नाही? नकाराला धैर्य लागते. होकार देऊन बलुते गमवायला त्याहून मोठे धैर्य लागले असते, असे मला वाटते.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा चालू असताना ‘दुकान’ या शब्दात धोब्या-न्हाव्याची सेवा येते काय, असा प्रश्न निघाला. जो येईल त्याला सेवा देण्यास मालक तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. साताऱ्यात बहिणीपुढे मान वाकवून बसलेले ते मूल मला या उत्तरामागे दिसते. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अस्पृश्यतेपोटी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला.

कायदा झाला, आणि काही वर्षांनी आमच्याकडे एस.टी. स्टँडजवळ खुर्ची-आरशाचे सलून निघाले. वडील तेव्हा हायस्कुलात होते. ते गेले की कधी वस्तरा पाजवायचा असे, कधी पाणी संपलेले असे. तिसऱ्या खेपेनंतर वडिलांनी युक्ती काढली. घरातला हा वस्तरा खिशात घालून ते निघाले. माझ्यावर याच वस्तऱ्याने दाढी करा, म्हणजे तुमचा बाटणार नाही, असे ते सांगणार होते. आजोबांनी दारातच अडवले.

“वेगळी कपबशी नि वेगळा वस्तरा, यात फरक काय रे?”

त्यांनी वस्तरा काढून घेतला, चिंधीत गुंडाळला, पेटीत टाकला. स्वतः सलूनमध्ये जाऊन बाकावर बसले. सकाळपासून गिऱ्हाइके आली, गेली. आजोबा काही बोलले नाहीत, उठलेही नाहीत. दिवेलागणीला दुकानदाराने फळ्या अर्ध्या लावल्या आणि त्यांना खुर्चीकडे खूण केली. आजोबा म्हणाले, फळ्या उघड, मग बसतो. त्या रात्री ते दाढी न करताच घरी आले. दुसऱ्या सकाळी पुन्हा गेले. असे चार दिवस. पाचव्या दिवशी भर बाजाराच्या वेळी त्यांची दाढी झाली. वडील हे सांगताना नेहमी इथे थांबत आणि मग म्हणत, “एवढी वाईट दाढी त्यांची कधी झाली नव्हती. त्याचा हात थरथरत होता.”

आज कुठल्याही सलूनमध्ये असाच अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो. एड्सची धास्ती पसरल्यापासून गिऱ्हाईक आधी विचारते, ब्लेड नवे घातले ना? मागच्या गिऱ्हाइकाची जात नव्हे, त्याचे रक्त लोकांना भिववते. हे भय निदान सर्वांना सारखे लागू आहे.

परवा मी आजोबांच्या वस्तऱ्यात अर्धे ब्लेड सरकवून पाहिले. खाच एका टोकाला किंचित सैल आहे, पाते हलते. अंगठ्याने दाबून धरावे लागते, आणि नेमक्या त्या जागी मुठीचे शिंग झिजून गुळगुळीत झाले आहे.