मॉर्मनांच्या बायका आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल

एकापेक्षा जास्त बायकांचा विषय निघाला की बोट आपल्याकडेच वळतं. पण १९५१ साली मुंबई हायकोर्टाने निकाली काढलेला नरसू अप्पा माळी खटला हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाबद्दल होता. मुंबई प्रांताने १९४६ साली त्यावर बंदी घातली होती. (आपलं कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता.) आक्षेप असा होता, की मुसलमानाला मुभा आणि हिंदूलाच शिक्षा का? मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. श्रद्धा वेगळी, आचरण वेगळं. समाजहिताच्या आड येणाऱ्या आचरणाला सरकार आवर घालू शकतं, असं छागला म्हणाले. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो अमेरिकेतल्या मॉर्मनांच्या खटल्याचा, 'डेव्हिस विरुद्ध बीसन', १८९०.

जोसेफ स्मिथने १८३० साली 'बुक ऑफ मॉर्मन' छापून हा पंथ काढला. विरोधक आपल्या पैगंबरांचं (स.) नाव शिवीसारखं वापरून त्याला हिणवत. अनेक बायका करण्याची चाल त्याने चोरून सुरू केली. जून १८४४ मध्ये नॉवू गावच्या एका वृत्तपत्राने ती चव्हाट्यावर आणली. गावाचा महापौर स्वतः स्मिथच; छापखाना मोडला गेला. त्यापायी तो तुरुंगात गेला आणि २७ जूनला जमावाने त्याला तिथेच ठार मारलं. त्याच्या बायका ३० ते ४० असाव्यात, त्यातली एक १४ वर्षांची होती, हे त्याच्या चर्चने उघडपणे मान्य केलं ते २०१४ साली. आपल्याकडे चारची मर्यादा आणि न्यायाची अट तरी आहे, असं म्हणून कुणी खूश होऊ नये. त्या बाईला कुणी विचारलं का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

आता डेव्हिसकडे येऊ. आयडाहो प्रांतात मतदाराला शपथ घ्यावी लागे, की बहुपत्नीत्व शिकवणाऱ्या कुठल्याही संघटनेचा मी सदस्य नाही. सॅम्युअल डेव्हिसने ती घेतली. तो निघाला मॉर्मन, म्हणून त्याला शिक्षा झाली. दुसरी बायको केल्याचा आरोप त्याच्यावर नव्हताच! सुप्रीम कोर्टाने तरीही शिक्षा कायम ठेवली. त्याच वर्षी चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ यांनी अशी लग्नं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

छागलांनी उचललेलं तत्त्व मला पटतं. दुसऱ्या लग्नाने बाईवर होणारा अन्याय धर्माच्या नावाखाली चालू देऊ नये. पण ते ज्या खटल्यातून आलं, तिथे आचरणाला हातच लागला नाही. माणूस कुठल्या जमातीचा एवढंच पाहिलं गेलं. समान नागरी कायद्यावर हिरिरीने बोलणाऱ्यांकडून नरसू माळीचं नाव ऐकू येतं, डेव्हिसचं सहसा येत नाही. खुद्द अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ साली 'रोमर विरुद्ध इव्हान्स' या निकालात सांगून टाकलं, की एखाद्या प्रथेचा नुसता पुरस्कार केला म्हणून मतदानाचा हक्क काढून घेता येतो, असं डेव्हिस निकालात जिथे म्हटलं असेल, तेवढा भाग आता कायदा उरलेला नाही.