ऑनलाइन कार्डभरणा (लघुव्यवसाय)

ग्राहक दुकानात प्रत्यक्ष हजर नसताना त्याच्या क्रेडिट अथवा डेबिट कार्डावरून इंटरनेटद्वारे विक्रेत्याकडे रक्कम पोहोचवण्याच्या पद्धतीस ऑनलाइन कार्डभरणा असे म्हणतात. रेल्वे, विमान कंपन्या व मोठ्या विक्रेत्यांकडे ही सोय भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर लवकरच आली. लहान दुकानदार, घरगुती उद्योग, शिकवणीवर्ग व कारागीर यांच्या हाती मात्र ती बरीच उशिरा, देयक संकलक (पेमेंट ॲग्रीगेटर) संस्थांच्या प्रसारानंतर आली. प्रस्तुत लेखात पुण्यातील खडकीसारख्या बाजारपेठेतील लहान व्यावसायिक डोळ्यांपुढे ठेवून मुख्यतः क्रेडिट कार्डाच्या भरण्याची माहिती दिली आहे.

संज्ञा

क्रेडिट कार्डास ‘पतपत्र’ असा मराठी पर्याय आढळतो; तथापि बोलण्यात ‘कार्ड’ हाच शब्द रूढ आहे. डेबिट कार्डाने ग्राहकाच्या खात्यातील शिल्लक वापरली जाते, तर क्रेडिट कार्डाने बँक ग्राहकाला उधार देते. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. येथे ग्राहक उधारीवर घेतो, परंतु ती उधारी दुकानदाराच्या वहीत न राहता बँकेच्या वहीत जाते. या सोयीची किंमत दुकानदार शुल्काच्या रूपाने मोजतो.

खडकीचा संदर्भ

खडकी हे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे व इंग्रज यांच्यात झालेल्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे येथे लष्करी छावणी वसली आणि १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. छावणी व कारखान्यांच्या आधाराने खडकी बाजार वाढला. छावणीच्या हद्दीतील नागरी कारभार खडकी कटक मंडळाकडे (कॅन्टोन्मेंट बोर्ड) असल्याने व्यवसाय परवानाही मंडळाकडूनच घ्यावा लागतो. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी देशातील ६२ कटक मंडळांसाठी ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ सुरू झाले व त्यावर कर, शुल्क आणि व्यवसाय परवान्याची कामे ऑनलाइन करण्याची सोय झाली. त्यामुळे येथील अनेक दुकानदारांना ऑनलाइन भरण्याचा परिचय पैसे घेणारा म्हणून होण्यापूर्वी पैसे भरणारा म्हणून झाला असणे स्वाभाविक आहे. छावणीतील वस्ती बदल्यांमुळे फिरती असते. दूरच्या ठाण्यावर गेलेल्या जुन्या ग्राहकाकडून मागणी घ्यायची, तर पैसे दुरून घेण्याची व्यवस्था दुकानाकडे असावी लागते.

व्यवहाराचा मार्ग

ग्राहकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबल्यापासून रक्कम दुकानदाराच्या खात्यात पडेपर्यंत ती अनेक हातांतून जाते. कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखे कार्डजाळे, व्यापाऱ्याच्या बाजूने रक्कम गोळा करणारी बँक (ॲक्वायरिंग बँक) आणि देयक संकलक हे त्यातील चार प्रमुख घटक होत. पूर्वी व्यापाऱ्याला बँकेकडे स्वतंत्र व्यापारी खाते मागावे लागे व लहान उलाढालीच्या व्यापाऱ्याला ते मिळणे कठीण असे. संकलक हजारो व्यापाऱ्यांच्या वतीने बँकेशी एकच करार करतो, त्यामुळे ही अडचण दूर झाली. संकेतस्थळ नसले तरीही चालते. संकलकाने दिलेला भरणा-दुवा (पेमेंट लिंक) ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवला, की काम होते.

पडद्यावर ‘व्यवहार यशस्वी’ असे दिसणे म्हणजे पैसे मिळणे नव्हे, ही बाब नवख्या व्यावसायिकाच्या लक्षात उशिरा येते. त्या क्षणी ग्राहकाच्या बँकेने केवळ मान्यता दिलेली असते. रक्कम प्रथम संकलकाच्या एस्क्रो खात्यात जमा होते व नंतर, सामान्यतः एकदोन कामकाजी दिवसांनी, शुल्क वजा होऊन व्यापाऱ्याच्या खात्यात येते. शनिवारी संध्याकाळी विक्री झाली आणि सोमवारी सकाळी घाऊक व्यापाऱ्याला रोख द्यायची असेल, तर या अंतराची झळ बसते.

भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी संकलकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बँकेतर संकलकांना परवाना सक्तीचा झाला आणि व्यापाऱ्यांचे पैसे अनुसूचित वाणिज्य बँकेतील एस्क्रो खात्यातच ठेवण्याचे बंधन आले. डिसेंबर २०२२ मध्ये परवान्याच्या प्रक्रियेत असलेल्या काही मोठ्या संकलकांना नवे व्यापारी जोडणे थांबवावे लागले. ते सुमारे वर्षभराने पुन्हा सुरू झाले. जुन्या व्यापाऱ्यांचे काम चालू राहिले, परंतु त्या वर्षी नव्याने धंदा मांडणाऱ्यांना दुसरे दार शोधावे लागले.

नोंदणी

व्यापाऱ्याला पॅन, बँक खाते, व्यवसायाचा पुरावा व लागू असल्यास वस्तू व सेवा कर क्रमांक द्यावा लागतो. छावणीतील दुकानास मंडळाचा परवाना, तर इतरत्र दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद किंवा उद्यम नोंदणी पुरावा म्हणून उपयोगी पडते. परवान्यावरील नाव, बँक खात्यावरील नाव व दुकानाची पाटी यांत तफावत असल्यास अर्ज अडकतो. जुन्या काळी शाहजोग हुंडीचे पैसे ओळखीच्या, पतदार माणसालाच मिळत. ओळख पटवण्याची रीत बदलली, गरज तीच राहिली.

शुल्क

क्रेडिट कार्डावरील व्यापारी शुल्कास रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. ते करारावर ठरते. उदाहरणादाखल शुल्क २ टक्के धरल्यास ५,००० रुपयांच्या विक्रीवर १०० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के दराने १८ रुपये वस्तू व सेवा कर, म्हणजे हाती ४,८८२ रुपये येतात. एका व्यवहाराची रक्कम २,००० रुपयांपर्यंत असल्यास या सेवेवरील कर माफ आहे. ही सूट रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील संकलकांनाही लागू होते, असा खुलासा डिसेंबर २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने केला. दहा टक्क्यांहून कमी नफ्यावर चालणाऱ्या किराणा मालासारख्या धंद्यात दोन टक्के ही लहान रक्कम नव्हे. मालाची किंमत ठरवतानाच ती धरणे हिताचे असते.

याउलट रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील व्यापारी शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. त्यामुळे लहान विक्रेते स्वाभाविकपणे यूपीआयचा आग्रह धरतात. मात्र हप्त्यांत खरेदी करू इच्छिणारा किंवा महिनाअखेरीस हात आखडलेला ग्राहक क्रेडिट कार्डच पुढे करतो.

परतदावा

ग्राहकाने आपल्या बँकेकडे तक्रार करून कार्डावरील रक्कम परत मागण्यास परतदावा (चार्जबॅक) म्हणतात. लघुव्यवसायासाठी या संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत जोखमीचा भाग हाच होय. अनेक प्रकारच्या तक्रारींसाठी कार्डजाळ्यांची मुदत १२० दिवसांपर्यंत असते. म्हणजे दिवाळीत झालेली विक्री होळीच्या सुमारासही वादात सापडू शकते. तक्रार आली, की वादातील रक्कम पुढील जमेतून रोखली वा वळती केली जाते आणि व्यापाऱ्याला थोड्या दिवसांत पुरावा सादर करावा लागतो.

भारतात १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड प्रत्यक्ष हाती नसलेल्या व्यवहारांसाठी दुसऱ्या टप्प्याची ओळखपडताळणी सक्तीची झाली. आज ती बहुधा मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होते. अशा पडताळणीनंतर ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या तक्रारीचा भार सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. परंतु ‘वस्तू मिळाली नाही’, ‘वेगळीच मिळाली’ किंवा ‘सदोष निघाली’ या तक्रारींत ओटीपी व्यापाऱ्याला कोणतेही संरक्षण देत नाही. तेथे उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: क्रमांक घातलेले बिल, कुरिअरची पोच, मालाचे छायाचित्र, ग्राहकाशी झालेला लेखी संवाद आणि आधीच कळवलेला परतीचा नियम. शिवणकाम, सजावट, शिकवणी अशा सेवांत पोच नसते. म्हणून काम पूर्ण झाल्याचा ग्राहकाचा लेखी होकार जपावा लागतो.

सुरक्षितता

१ ऑक्टोबर २०२२ पासून ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवण्यास व्यापारी व संकलक यांना मनाई आहे. त्याऐवजी टोकन वापरले जाते. दूरध्वनीवर कार्ड क्रमांक विचारून वहीत टिपून ठेवणे हे सोयीचे वाटले तरी धोक्याचे व नियमबाह्य आहे. ग्राहकाने तपशील संकलकाच्या पानावर भरल्यास तो दुकानदारापर्यंत पोहोचतच नाही, आणि लहान व्यवसायासाठी तेच श्रेयस्कर.

मान्यतेचा संदेश खोटा असू शकतो, याचे मोठे उदाहरण पुण्यातच घडले. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या सायबर हल्ल्यात बनावट स्विचमार्फत कार्ड-व्यवहारांना मान्यता दिली गेली व सुमारे ९४ कोटी रुपये लुबाडले गेले. दुकानाच्या पातळीवर याचा लहान नमुना म्हणजे भरणा झाल्याचे खोटे छायाचित्र दाखवून माल नेणे. ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबून न राहता संकलकाच्या खात्यातील नोंद पाहूनच माल सोडणे आवश्यक ठरते.

परदेशी कार्डे

परदेशातील मराठी कुटुंबे पुण्यातून दिवाळीचा फराळ, पुस्तके, पैठण्या मागवतात. परदेशात दिलेल्या कार्डांना भारतातील दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचा नियम लागू नाही. अशी पडताळणी झाली नसल्यास व्यवहार नाकारला गेल्यावर नुकसान बहुधा विक्रेत्याच्या माथी येते. शुल्कही देशी कार्डांपेक्षा अधिक असते व ही सोय संकलकाकडून स्वतंत्रपणे सुरू करून घ्यावी लागते. अनोळखी ग्राहकाची पहिलीच मोठी मागणी, कार्डधारकाचे व माल घेणाऱ्याचे नाव वेगळे आणि तातडीची निकड ही लक्षणे एकत्र दिसल्यास माल रवाना करण्यापूर्वी ग्राहकाशी प्रत्यक्ष बोलून खातरजमा केली जाते.