घरात हवा शुद्ध करणारं यंत्र घेताय? आवाज, खोली आणि वीज. तिन्हीचा हिशोब आधी करा

बीड : परळी परिसरात उन्हाळ्यात वारा सुटला की दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी भांड्यांवर राखेचा पातळ थर बसतो. इतर तालुक्यांत राख नसेल, पण वीटभट्टी, खडी क्रशर, कापसाची जिनिंग, गुऱ्हाळाचा धूर आणि सुगीत मळणी यंत्राचा भुसा आहेच. घरात दम्याचं म्हातारं माणूस किंवा सारखं खोकणारं लेकरू असलं की कुणीतरी सुचवतं, ‘एअर प्युरिफायर घ्या.’ मोबाईलवर जाहिरातीही येतात. पण अनेक घरांत हे यंत्र आठ-पंधरा दिवस चालतं आणि मग कपड्याखाली झाकून ठेवलं जातं. कारण विचारलं तर उत्तर एकच मिळतं, ‘रातभर घरघर करतंय, झोप लागत नाही.’ म्हणून घेण्याआधी काय बघायचं, ते इथे सविस्तर.

हे यंत्र नेमकं करतं काय?

आत एक पंखा असतो आणि त्याच्यासमोर घट्ट घड्या घातलेली जाळी असते. पंखा खोलीतली हवा ओढतो, जाळीत बारीक कण अडकतात, स्वच्छ हवा बाहेर पडते. एवढंच. चांगल्या जाळीला ‘हेपा’ म्हणतात. खऱ्या हेपाच्या एच-१३ दर्जाची जाळी अगदी बारीक कणांपैकी ९९.९५ टक्के कण अडवते. ‘हेपा टाईप’ किंवा ‘हेपासारखी’ असं लिहिलेलं असेल तर ती खरी हेपा असेलच असं नाही.

छातीला खरा त्रास होतो तो पीएम २.५ या कणांचा. हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक असतात, म्हणून थेट फुप्फुसात खोलवर जातात. देशाच्या मानकानुसार २४ तासांची सरासरी एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा १५ सांगितली आहे. कोळसा जाळून उडणाऱ्या राखेत आणि चुलीच्या धुरात असे कण असतात.

आवाजाचं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबल आणि दोघांचं नेहमीचं बोलणं ६० च्या आसपास. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. झोपायच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या आत आवाज असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

खरी मेख इथेच आहे. खोक्यावर दोन आकडे ठळक असतात, ‘आवाज फक्त २५ डेसिबल’ आणि हवा साफ करायची ताकद, म्हणजे ‘सीएडीआर’. ग्राहकाला वाटतं दोन्ही एकदम मिळणार. तसं नसतं. पंचवीसचा आकडा सगळ्यात कमी वेगाचा असतो आणि सीएडीआर सगळ्यात जास्त वेगाचा. कमी वेगावर यंत्र शांत असतं, पण हवा बरीच कमी साफ करतं. पूर्ण वेगावर हवा साफ होते, पण आवाज पन्नास-साठ डेसिबलपर्यंत जातो. लहान यंत्र घेतलं की ते रात्रभर पूर्ण वेगावर पळवावं लागतं, आणि मग घरातलेच लोक ते बंद करतात.

उपाय सोपा आहे. खोलीला लागतं त्यापेक्षा मोठं यंत्र घ्या आणि ते कमी किंवा मधल्या वेगावर चालवा. दुकानदाराला नुसतं ‘किती डेसिबल?’ विचारू नका. ‘मधल्या वेगावर आवाज किती आणि त्या वेगावर सीएडीआर किती?’ असं विचारा. शक्य असेल तर दुकानातच यंत्र चालू करायला लावून जवळ कान नेऊन ऐका.

खोलीचं माप

छत दहा फूट उंच असेल तर साधा हिशोब असा : खोलीचे चौरस फूट काढा आणि त्याची दीडपट करा. तेवढा सीएडीआर (घनमीटर प्रति तास) हवा, म्हणजे तासात पाचएक वेळा खोलीतली सगळी हवा जाळीतून जाते. उदाहरणार्थ १० बाय १२ ची खोली १२० चौरस फूट, तर सीएडीआर १८० च्या पुढे पाहिजे. शांत झोप पाहिजे असेल तर ३०० च्या आसपासचं यंत्र बघा आणि वेग कमी ठेवा.

पत्र्याच्या घरात उपयोग होतो का?

स्पष्ट सांगायचं तर फारसा नाही. भिंत आणि पत्रा यांच्यात फट असेल, दार सतत उघडं असेल, तर जितकी हवा साफ होते तितकीच बाहेरची आत येते. अशा घरात पैसे पाण्यात जातात. स्लॅबची, दार नीट लागणारी एक खोली असेल तर म्हाताऱ्या माणसाची किंवा लेकराची झोप तिथे ठेवा आणि यंत्रही त्याच खोलीत लावा. सगळ्या घराला एक यंत्र पुरत नाही.

वीज आणि इन्व्हर्टर

पूर्ण वेगावर साधारण ४० वॉटचं यंत्र रोज दहा तास चालवलं तर महिन्याला १२ युनिट पडतात. कमी वेगावर याहून कमी. इन्व्हर्टरवर ते चालतं, पण जुना ‘स्क्वेअर वेव्ह’ इन्व्हर्टर असेल तर काही यंत्रांची मोटार गुणगुण करते. तेव्हा आवाज यंत्राचा की इन्व्हर्टरचा, हे लाईट असताना आणि नसताना ऐकून तपासा. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, चारी बाजूंनी फूटभर जागा सोडा. लोखंडी कपाटावर किंवा हलणाऱ्या टेबलावर ठेवलं तर आवाज वाढतो, खाली फरशीवर रबरी पट्टी टाकून ठेवा.

जाळीचा खर्च आधी विचारा

यंत्र एकदाच घ्यायचं, जाळी मात्र पुन्हा पुन्हा. आपल्याकडच्या धुळीत जाळी शहरापेक्षा लवकर भरते. भरलेल्या जाळीतून हवा ओढताना आवाज वाढतो आणि हवा कमी येते. म्हणून जाळीची किंमत, ती बीडमध्ये मिळते का, आपल्या पिनकोडवर येते का, हे पैसे देण्याआधी विचारा. बाहेरची जाड जाळी दर आठवड्याला झटकून किंवा धुऊन घ्या. हेपा जाळी पाण्याने धुवायची नसते. नवीन यंत्रात जाळीला प्लास्टिकचं वेष्टन असतं, ते काढल्याशिवाय चालू करू नका.

‘ओझोन’ सोडणारी यंत्रं घेऊ नका. ओझोन श्वासात गेला तर दम्याच्या माणसाला उलट त्रास होतो.

हे यंत्र काय करत नाही

कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू हेपा जाळीत अडकत नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणं जिवावर बेततं, यंत्र चालू असलं तरीही. चुलीचा धूर घरात भरत असेल तर पहिला खर्च गॅसवर किंवा धुराड्यावर करा. डासांच्या अगरबत्तीपेक्षा मच्छरदाणी बरी. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा, त्याला पैसे लागत नाहीत.

दम्याचा पंप किंवा गोळ्या यंत्र आलं म्हणून बंद करू नका. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, धाप लागत असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा.

आणि राख उघड्या गाडीतून जात असेल, क्रशरवर पाणी मारलं जात नसेल, तर त्याची तक्रार ग्रामपंचायतीच्या ठरावासह महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या आणि पोहोच घ्या. घरातलं यंत्र एका खोलीची हवा साफ करतं, गावाची नाही.

दुकानात जाण्याआधी हे लिहून न्या

– खोलीची लांबी, रुंदी, उंची
– मधल्या वेगावर सीएडीआर आणि आवाज किती
– जाळी खरी हेपा आहे का, दर्जा कोणता
– जाळीची किंमत आणि ती कुठे मिळते
– वॉरंटी किती, दुरुस्ती केंद्र कुठे
– आवाज सहन झाला नाही तर किती दिवसांत परत घेणार, हे पावतीवर लिहून घ्या